उद्या शूर्पणखा कोण?

मार्चअखेर इस्लामपूरचे आकडे आले आणि विश्रामबागमधल्या आमच्या गल्लीत दारं धडाधड बंद झाली. आजी रोज विचारायची, "आज किती?" शेवटी मीच टीव्ही बंद केला.

१८४३ मध्ये विष्णुदास भावेंनी 'सीतास्वयंवर' केलं ते आपल्या सांगलीतच. मग आपण गप्प का बसायचं? गच्चीवर साडी बांधली, पडदा तयार! बाबा रावण, आजी प्रॉम्प्टर. शिवधनुष्य म्हणजे जळमटं काढायचा झाडू. संवाद विसरले की बाबा सरळ भाजीचे भाव सांगतात. शेजारच्या गच्चीवरून टाळ्या येतात, फर्माईशी पण.

'लॉकडाऊनमध्ये कोर्स करा, स्किल वाढवा' असे मेसेज येतात. करा की! पण रोज काहीतरी कमवायलाच हवं का?

काल आजीनं आकडा विचारलाच नाही. म्हणाली, "उद्या शूर्पणखा कोण?"