पांढऱ्या बाटलीचा हिशेब

‘फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घेऊ’ ही मागणी कुठल्याही गावच्या दवाखान्यात रोज होते. पाच टक्के ग्लुकोजच्या त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते. म्हणजे जेमतेम 85 कॅलरी, एका फुलक्याएवढी ताकद. आयसीयूत मात्र कधीकधी दुधासारखी पांढरी बाटली टांगलेली दिसते. ती वीस टक्क्यांची असेल, तर तेवढ्याच अर्ध्या लिटरात 100 ग्रॅम चरबी आणि सुमारे 1000 कॅलरी असतात. नातेवाइकांच्या लेखी हे ‘भारीतलं सलाईन’. प्रत्यक्षात आतडं कामच करत नसलेल्या रुग्णाला शिरेतून दिला जाणारा हा आहार आहे, आणि त्याच्या मापात आपली रुग्णालयं अजून ढिली आहेत.

तेल शिरेत सोडणं हा मुळात जिवावरचा उद्योग. सतराव्या शतकात विल्यम कोर्टन या इंग्रज अभ्यासकाने कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्ह तेल घातलं आणि कुत्रा दगावला. तेलाचे थेंब फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकले की दुसरं काय होणार? विसाव्या शतकात अमेरिकेत सरकीच्या तेलाचं ‘लिपोमूल’ आलं. त्याने रुग्णांना ताप, कावीळ, रक्तस्राव होऊ लागला आणि ते बाजारातून गेलं. मार्ग सापडला स्वीडनमध्ये. अर्विद व्रेटलिंड यांनी 1961 मध्ये सोयाबीनचं तेल अंड्याच्या बलकातल्या फॉस्फोलिपिडने पाण्यात मिसळून दाखवलं. त्या मिश्रणातला थेंब सरासरी अर्ध्या मायक्रॉनहूनही लहान असतो. रक्तातली तांबडी पेशी सात मायक्रॉनची. जेवणानंतर आतड्यातून रक्तात उतरणारे चरबीचे कणही साधारण असेच असतात, म्हणून शरीर त्यांना ओळखीचे समजून वापरतं. (अंड्याची किंवा सोयाबीनची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारायचं ते यासाठीच.)

अमेरिकेने या औषधाला परवानगी दिली 1975 मध्ये. तोवर तिथले डॉक्टर स्टॅनली डड्रिक यांच्या पद्धतीने साखरेचं दाट द्रावण छातीजवळच्या मोठ्या शिरेतून देत. कॅलरी पुरत, पण काही आठवड्यांत कातडीचे पापुद्रे निघत, केस गळत, जखमा भरत नसत. लिनोलेइक आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. ते मिळायचं तर तेलच लागतं. कॅनडात चरबी वापरायची सोय होती. टोरांटोत खुर्शीद जीजीभॉय या पारशी डॉक्टरांनी 1970 मध्ये आतडं गमावलेल्या एका महिलेला शिरेतून आहार सुरू केला. ती घरी गेली आणि या आहारावर पुढे सुमारे वीस वर्षं जगली.

म्हणजे चरबी हवीच. प्रश्न आहे किती, हा.

युरोपीय संघटना ‘एस्पेन’चं मार्गदर्शन सांगतं, की आयसीयूतल्या प्रौढाला दिवसाला किलोमागे दीड ग्रॅमपेक्षा जास्त चरबी शिरेतून देऊ नये. साठ किलोच्या माणसाला मर्यादा झाली 90 ग्रॅम. वीस टक्क्यांची अर्ध्या लिटरची एक पूर्ण बाटलीच तिच्यापलीकडे जाते! त्यात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला झोपवायला प्रोपोफॉल चालू असतं. तेही पांढरंच, दहा टक्के चरबीचं. तासाला 20 मिलीने ते दिवसभर चाललं, तर 48 ग्रॅम चरबी आणि पाचशेवर कॅलरी भुलीच्या औषधातूनच गेल्या. उरले 42 ग्रॅम. ते प्रोपोफॉल औषधाच्या रकान्यात लिहिलं जातं, बाटली आहाराच्या. दोन्हींची बेरीज करायची कोणी? डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट एकाच कागदावर आले नाहीत, तर ती होत नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स वाढतात आणि मग कारण शोधत बसावं लागतं.

चरबी पहिल्या आठवड्यात टाळावी का, यावरही बराच वाद झाला. 1997 मध्ये अपघातग्रस्तांवर झालेल्या एका लहान अभ्यासात चरबी न दिलेल्यांना संसर्ग कमी झाला. पण त्यांना एकूण कॅलरीही कमी मिळाल्या होत्या, ही मेख बरेच जण विसरतात. अमेरिकी संघटना ‘ॲस्पेन’ने 2016 मध्ये सोयाबीनची चरबी पहिला आठवडा थांबवण्याचं सुचवलं आणि 2022 मध्ये ती भूमिका सोडली. सोयाबीन, ऑलिव्ह आणि माशाचं तेल एकत्र केलेली महागडी मिश्रणं आता मिळतात. वर्षानुवर्षं असा आहार लागणाऱ्याच्या यकृतासाठी त्यांचा विचार जरूर व्हावा. पण चार दिवसांच्या रुग्णाला केवळ नवं आहे म्हणून ते लावणं, हा बिल फुगवण्याचाच प्रकार.

बाटली कोण मिसळतो, याकडे तर कोणी बघतच नाही. चरबी, ग्लुकोज आणि अमिनो आम्लं एकाच पिशवीत घातली, की तो पांढरा रंग आतला दोष झाकतो. अमेरिकेत 1994 मध्ये अशा पिशवीत कॅल्शियम फॉस्फेटचे कण साचून दोन रुग्ण दगावले आणि औषध नियंत्रकांना इशारा काढावा लागला. म्हणून नळीत 1.2 मायक्रॉनची गाळणी लावायची, पिशवी चोवीस तासांत संपवायची, चरबीची सुटी बाटली बारा तासांत. वर पिवळसर तेलाचा थर दिसला, तर ती सरळ फेकायची.

आणि हे सगळं करताना आतडं चालू झालं का, ते रोज तपासायचं. नाकातल्या नळीने चमचाभर पातळ अन्न पचत असेल, तर तिकडे वळायला उशीर कशाला? बेल्जियममध्ये 4640 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेतला आहार आठवडाभराने सुरू केलेले रुग्ण लवकर सुरू केलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. मोठ्या रुग्णालयांनी आयसीयूच्या तक्त्यावर चरबीचा वेगळा रकाना आखावा, त्यात प्रोपोफॉलही धरावं आणि नातेवाइकांनी विचारलं तर तो दाखवावा.