घराचा सौदा : शब्द देण्याआधी आणि दिल्यानंतर

घर विकायला काढले आणि जागा मोक्याची असली की आठवड्याभरात चार गिऱ्हाइके उभी राहतात. भाव चढू लागतो, तशी विकणाऱ्याची नियतही डळमळू लागते. आमच्या कारागीर व छोट्या व्यापारी बांधवांची जन्मभराची कमाई बहुधा एका घरातच असते. मुलीचे लग्न, धंद्याचे कर्ज किंवा भावंडांच्या वाटण्या यांपायी ते विकावे लागते. अशा वेळी चार पैसे जास्त मिळावेत असे वाटण्यात काहीच गैर नाही. प्रश्न आहे तो रीतीचा.

अनेकांकडून भाव मागवणे शरीअतला नामंजूर नाही. मदत मागायला आलेल्या एका अन्सारी गृहस्थाची चादर व पेला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः विकून दिला. एकाने एक दिरहम देऊ केला, तेव्हा जास्त कोण देतो असे विचारून दोन दिरहमला सौदा केला. त्यातल्या एका दिरहमची कुऱ्हाड घेऊन तो गृहस्थ लाकडे तोडण्याच्या कामाला लागला, ही हदीस आमच्या वाचकांना परिचित आहे. मात्र एकाचा सौदा ठरल्यावर दुसऱ्याने त्यावर सौदा करू नये आणि खोटी बोली लावून भाव फुगवू नये, अशीही स्पष्ट ताकीद आहे.

आमच्या बाजारात अनेकदा याच्या उलट चालते. 'दुसरी पार्टी दोन लाख जास्त देते आहे,' असे दलाल सांगतो आणि ती पार्टी कुठेच नसते. इसार घेतल्यावरही नवे गिऱ्हाईक घर पाहून जाते. जास्त भाव आला की 'इसार परत देतो, हवा तर दुप्पट घ्या,' असे म्हणून विकणारा मोकळा होऊ पाहतो.

पण तो मोकळा होत नाही. शब्द देण्याआधी, म्हणजे प्रस्ताव स्वीकारण्याआधी, विकणारा पूर्ण स्वतंत्र असतो. साठेखत झाल्यावर मालकी लगेच बदलत नसली तरी हात बांधले जातात. इसाराची सही केलेली पावतीही न्यायालयात करार म्हणून उभी राहू शकते. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 मध्ये 2018 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून, पहिला खरेदीदार आपली बाजू पुरी करण्यास तयार असेल तर करार पाळायला लावणे हाच नियम झाला आहे. पहिला सौदा माहीत असून घर घेणारा दुसरा खरेदीदारही त्यातून सुटत नाही. दोन लाखांच्या मोहापायी घर वर्षानुवर्षे दाव्यात अडकते.

म्हणून विचार करायचा तो शब्द देण्याआधी. मोठा आकडा म्हणजे चांगला सौदा, असे नाही. समजा, एकाने 40 लाख सांगितले आणि त्याचे बँकेचे कर्ज मंजूर आहे. दुसरा 43 लाख म्हणतो, पण आधी स्वतःचे घर विकणार आणि मग पैसे देणार. ज्याला तीन महिन्यांत कर्ज फेडायचे आहे, त्याला पहिलाच सौदा परवडतो. तिसरा 'निम्मे रोख' म्हणत असेल तर त्याला दूरच ठेवावे. जून 2015 पासून घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास बंदी आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

त्याहूनही आधी घरातले वारस पाहावेत. वडिलोपार्जित घरात बहिणीचा हिस्सा असतो. तिच्या संमतीशिवाय भावांनी दिलेला शब्द तिच्या हिश्श्यापुरता पोकळ असतो. हिस्सेदारांपैकी कोणी घर घेऊ इच्छित असेल तर त्याला प्रथम विचारावे. शुफ्आच्या हक्कामागचा हेतू तोच आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. सर्व गिऱ्हाइकांना एकच मुदत द्यावी. रक्कम, पैसे कधी व कसे देणार, हे प्रत्येकाकडून लेखी घ्यावे. कोणालाही खोटा आकडा सांगू नये आणि दलालालाही सांगू देऊ नये. सर्व हिस्सेदारांनी बसून एक प्रस्ताव निवडावा, साठेखत करून त्याची नोंदणी करावी आणि बाकीच्यांना त्याच दिवशी नकार कळवावा. त्यानंतर कोणी जास्त भाव घेऊन आला, तर सौदा झाला आहे एवढेच त्याला सांगावे. ज्या बाजारात आपल्याला उद्या पुन्हा दुकान उघडायचे आहे, तिथे दिलेल्या शब्दाची पत त्या जादा रकमेहून अधिक काळ कामी येते.