आमची पोरं मोजा!



गेल्या बैठकीत मी ऑटिझमचा विषय काढला तर आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, 'हे पैसेवाल्यांच्या पोरांचं दुखणं. आपल्या वस्तीत कुठं असतं असलं?' सगळे हसले. बैठक पुढं सरकली. त्याला तिथं उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही म्हणून या अंकाचं संपादकीय त्यालाच देतो.

हा समज त्याच्या एकट्याचा नाही. तो अमेरिकेतनं आलाय, आणि डॉक्टरच्या सहीशिक्क्यानं आलाय. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरनं अकरा पोरांवर निबंध लिहिला. त्या पोरांचे आईबाप बहुतेक शिकलेसवरलेले, बड्या हुद्द्याचे. मग ठरूनच गेलं की हे हुशार, सुखवस्तू घरातच होतं. अरे, पण पोरं आली कुठनं? ज्यांच्या बापांना त्या दवाखान्याचं दार ठाऊक होतं त्यांच्याच घरनं! गोदीत माल उतरवणाऱ्याचं पोर कॅनरसाहेबांच्या टेबलापर्यंत पोचणार होतं थोडंच? पुढं लंडनच्या कॅम्बरवेल भागात लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड या दोघींनी दवाखान्यात येईल त्याची वाट न बघता त्या भागातली पोरं शोधून काढली. तो अभ्यास १९७९ चा. १९८० साली विंगबाईंनी वर्गाचा प्रश्न सरळ तपासला आणि लिहिलं की गरीब-श्रीमंत असा फरक सापडत नाही. बाई स्वतः असल्या मुलीची आई होती. सापडणाऱ्यांत श्रीमंतांचीच पोरं होती, कारण शोधणारे तिथंच बसले होते.

आणि या डॉक्टरलोकांनी दुसरं एक पाप केलं. दोष आईवर ढकलला. आई थंड, आईला माया नाही, म्हणून पोर असं. ब्रुनो बेटेलहाइम नावाच्या माणसानं १९६७ साली यावर जाडजूड पुस्तक लिहून नाव कमावलं. बर्नार्ड रिमलंडनं १९६४ सालीच हे खोडून काढलं होतं. तोही असल्याच पोराचा बाप. आज विज्ञानात त्या थंड आईला कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीत मात्र ती अजून जिवंत आहे. 'कामाला जाते, पोराच्या हातात मोबाइल देते, मग दुसरं काय होणार?' ही तीच मनू-छाप बुद्धी, फक्त नवीन कपडे घालून आलेली.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द झकास आहे, एखाद्या नवकवीला शोभेल. पण माझा सहा वर्षांचा भाचा स्वतःत बिलकुल मग्न नसतो. त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं, जास्त टोचतं. शेजारी कुकरची शिट्टी झाली तरी तो कान दाबून धरतो. बरणीचं झाकण तासन्तास फिरवतो. तहान लागली तर माझा हात धरून माठापाशी नेतो, बोलत नाही. जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे गल्लीत शिरला की तो भिंतीवर डोकं आपटतो. बाबासाहेबांच्या नावानं आपण लावलेल्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरबद्दल कुणी बोललं की आपल्याला राग येतो. येऊ दे.

आक्का चार घरची धुणीभांडी करते, दाजी नाक्यावर उभे राहतात. पोर तीन वर्षांचं होईस्तोवर म्हाताऱ्या म्हणाल्या, बोलेल उशिरा. मग भगतानं कोंबडा खाल्ला. मग एका मोठ्या सरकारी इस्पितळात केसपेपर निघाला आणि तीन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. आता आठवड्यातनं एकदा थेरपी. शिकवणारी बाई मन लावून शिकवते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्या दारात रांग आहे, ती एकटी आहे. पण त्या पाऊण तासासाठी आक्काचा अख्खा दिवस जातो. हार्बरच्या गर्दीत किंचाळणारं पोर घेऊन जायचं, लोकांच्या शिव्या खायच्या. दोन घरची कामं सुटली. गोदीत आमचा खाडा पडला तर एका दिवसाची मजुरी जाते. तिचं घरच जातं. वर तिला सांगतात, 'घरात पोरासाठी शांत कोपरा करा.' दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, कोपऱ्यात मोरी. कुठला कोपरा शांत करायचा ते लिहून द्या म्हणावं!

खाजगीत जा म्हणतात. तिथली तासाची फी आणि माझी एका पाळीची मजुरी यांत फारसा फरक नाही. आणि भगत काही वस्तीतच असतात असं नाही. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन ऑटिझम बरा करतो म्हणणारे वातानुकूलित भगतही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ सालीच सांगून ठेवलंय की असल्या गोष्टी मान्य चाचणीबाहेर करायच्या नाहीत. ऑटिझम हा बरा करायचा रोगच नव्हे. पोराला आपलं म्हणणं सांगता यावं, जगता यावं, त्यासाठी लहानपणापासून मदत लागते. तेवढंच, पण ते रोज.

कायदा? कायद्याची कमी नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, २०१६ च्या कायद्यात एकवीस अपंगत्वांत बसलं. चाळीस टक्क्यांचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत फुकट शिक्षण हा हक्क आहे. भाच्याच्या शाळेत मात्र म्हणाले, स्पेशल शाळेत घाला. स्पेशल शाळेत म्हणाले, आधी याला बसायला शिकवा. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली प्राथमिक शाळेत अशा दहा पोरांमागं एक विशेष शिक्षक ठरवून दिला. आमच्याकडं अनेक शाळा मिळून एक बाई फिरते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येतात, त्यांच्या तपासणीच्या यादीत ऑटिझम आहे. २०२३ साली अंगणवाडीसाठी दिव्यांग बालकांचा वेगळा प्रोटोकॉल निघाला. म्हणजे सेविकेच्या डोक्यावर आणखी एक काम. तिचं मानधन किती ते तिला विचारा. निरामय नावाचा विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. आमच्या गल्लीत त्याचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं.

मग करायचं काय? गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत एक प्रयोग झाला, २०१६ साली तो लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत छापून आला. पासष्ट पोरं. त्यातल्या निम्म्यांना मदत करायला तज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई पोराशी खेळताना तिची फिल्म काढायची, तीच तिला दाखवायची, पोरानं कुठं इशारा केला आणि तिनं कुठं ओळखला ते तिच्यासोबत बघायचं. आईबाप पोराचा इशारा ओळखून वागायला लागले, पोरं आपणहून जास्त सांगायला लागली. चमत्कार नाही झाला. पण हे काम वस्तीतली बारावी पास पोरगी शिकू शकते, आणि तिला त्याचा पगार मिळू शकतो. महापालिकेच्या प्रत्येक वस्तीतल्या दवाखान्यात अशा दोन बाया आणि एक खोली, ही आपली मागणी पाहिजे. सोबत येणाऱ्या आईला तिच्या खाड्याचे पैसे, ही दुसरी. इस्पितळातल्या थेरपिस्टची रिकामी पदं भरा, ही तिसरी, ती तर मागायलाही लागू नये.

मोर्चा काढूच. पण मोर्च्यात किती पोरांसाठी चाललोय हे आपल्याला सांगता आलं पाहिजे, आणि तो आकडा कुठल्याच हापिसात नाही. तेव्हा प्रत्येक शाखेनं आपापली गल्ली वाटून घ्यावी. घरात जाऊन 'तुमचं पोर वेडं आहे का' असं विचारणाऱ्यानं जाऊ नये. विचारायचं ते असं: नावानं हाक मारल्यावर वर्षाचं पोर वळतं का? दीड वर्षाचं झालं, काही दाखवायला बोट पुढं करतं का? दोन वर्षांचं झालं, दोन शब्द जोडतं का? आधी बोलत होतं आणि आता थांबलं, असं झालंय का? 'नाही' किंवा 'थांबलं' आलं म्हणजे ऑटिझमच असं नव्हे, कान तपासायचाही असू शकतो. पण डॉक्टरकडं त्याच आठवड्यात जायचं, आणि आईसोबत आपल्यातल्या एकानं जायचं. रजा काढून.

दाखल्याचे आणि युडीआयडी कार्डाचे अर्ज दर रविवारी सकाळी दहापासून विहारात भरून दिले जातील. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा असे दाखले काढून आपले हात तयारच आहेत. येताना पोराचा आधार, फोटो आणि असतील ते सगळे केसपेपर आणायला सांगा. विहारातला माइक रविवारी दुपारपर्यंत बंद राहील, मी पदाधिकाऱ्यांशी बोललोय.