पंपाआधी पाइप

घरगुती जलतरण तलावाचे पाणी वारंवार गढूळ होऊ लागले की अधिक अश्वशक्तीचा पंप बसवणे हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. परंतु पाइप आणि गाळणयंत्र जुनेच राहिले, तर वाढीव शक्तीचा बराच भाग पाइपांतील घर्षणातच खर्ची पडतो आणि वाळूच्या थरातून पाणी प्रमाणाबाहेर वेगाने ढकलले गेल्याने बारीक गाळ न अडकता पुन्हा तलावात येतो. प्रवाह तेवढाच ठेवून पाइपाचा आतील व्यास ५० मिलिमीटरवरून ६३ मिलिमीटर केला, तर घर्षणामुळे होणारी दाबाची घट सुमारे एक-तृतीयांशावर येते. त्यानंतरच कमी-जास्त वेगाने चालणाऱ्या पंपाचा खरा लाभ मिळतो, कारण वेग निम्मा केल्यास प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती तत्त्वतः एक-अष्टमांशावर उतरते.

वऱ्हाडात या हिशेबात माती आणि पाणी हे दोन्ही घटक धरावे लागतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यात थेट गाडलेल्या पाइपांचे सांधे त्यामुळे ताणले जातात. तलावाकडून पंपाकडे येणाऱ्या, म्हणजे सक्शनच्या बाजूचा सांधा सुटला, तर पंप चालू असताना गळती न दिसता हवा आत ओढली जाते आणि तलावात बुडबुडे उठतात. म्हणून चरातील काळी माती काढून पाइपाभोवती वाळू भरावी, आणि चर बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी घ्यावी.

पाण्याचा प्रश्न अधिक बिकट आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या भागांत, भूजलच खारे आहे. वाळू तरंगते कण अडवते, विरघळलेले क्षार अडवत नाही. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात आणि भर घातलेले बोअरचे पाणी त्यांत नवे क्षार मिसळते. पाणी कठीण असेल, तर कॅल्शियमचे थर वाळूचे गोळे बांधतात आणि पाणी मधल्या फटींतून न गाळताच निसटते. अशा ठिकाणी पाण्याच्या तपासणीपूर्वी उपकरणांची यादी देणे हे व्यावसायिकाला शोभत नाही.

अकोल्याला काटेपूर्णा आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळते, ते बॅकवॉशमध्ये, म्हणजे उलट्या प्रवाहाने वाळू धुण्यात, उधळण्यासाठी नाही. अर्ध्या मीटर व्यासाचे गाळणयंत्र तीन मिनिटे धुण्यास सुमारे ४०० लिटर पाणी लागते. त्यामुळे वार ठरवून वाळू धुण्याऐवजी स्वच्छ स्थितीतील दाब नोंदवून तो सुमारे अर्धा बार वाढल्यावरच धुणे योग्य. किंचित मळलेली वाळू उलट अधिक बारीक कण धरते.

पाइप उघडे पडतात तेव्हा तळाच्या निचरातोंडाचाही विचार झालाच पाहिजे. पंपाला एकच तोंड जोडलेले असेल, तर त्यावर मुलाचे अंग चिकटून किंवा केस ओढले जाऊन जीव जाऊ शकतो. किमान ९० सेंटिमीटर अंतरावर एकाच पाइपाला जोडलेली दोन तोंडे आणि त्यांवर फुगीर, पक्क्या बसवलेल्या जाळ्या हे काम नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात ऐच्छिक बाब म्हणून दाखवू नये.