पातळ तळाचं वेड

'व्हॅन्स ऑथेंटिक' हा बूट स्केटबोर्डसाठी बनवलेलाच नव्हता. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये पॉल व्हॅन डोरेन, त्याचा भाऊ आणि दोन भागीदारांनी कारखाना आणि दुकान सुरू केलं, तेव्हा तो सर्वांसाठीचा कॅनव्हासचा साधा बूट होता. स्केटबोर्डवाल्या पोरांनी तो आपलासा केला, आणि आजही या बुटाचे निस्सीम चाहते त्यात काहीही बदललेलं खपवून घेत नाहीत.

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कच्च्या रबराची पट्टी कॅनव्हासभोवती गुंडाळून अख्खा बूट भट्टीत भाजला की तळ लवचीक राहतो आणि पायाखाली फळी कुठे झुकतेय हे बोटांना कळतं. खेळणाऱ्याला याहून मोलाचं काही नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गुबगुबीत, जाडजूड बुटांची लाट आली. काही वर्षांत ती ओसरली आणि खेळाडू पुन्हा पातळ तळाकडे वळले. हा कौल फळीवरच लागला, जाहिरातींमुळे नव्हे.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. पायऱ्यांवरून उडी मारून उतरताना हा तळ टाचेला वाचवत नाही. फळीवरच्या खरखरीत कागदाला घासून कॅनव्हास लवकर फाटतो. एकाच पायातला बूट आधी जातो, म्हणून सुरुवातीच्या काळात कंपनी एकेक बूटही विकत असे.

शिवाय 'मूळ रूप' म्हणायचं तरी कशाला? सुरुवातीचा तळ चवड्यापाशी तडकायचा, तेव्हा नक्षीत उभ्या रेघा वाढवल्या गेल्या. 1976 मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा यांच्या सूचनांवरून 'एरा' आला, घोट्यापाशी मऊ अस्तर असलेला. मऊपणा मागणारे हे दोघे त्या खेळातले अव्वल खेळाडू होते! मग आज कुणी आत जाड गादी घातली की त्या बुटाला बाटलेला ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

माझं मत असं: टाचेखाली गादी हवी, कॅनव्हासऐवजी टिकाऊ स्वेडही चालेल. चवड्याखालचं रबर मात्र जाड करू नये, कारण फळीशी नातं जुळतं ते तिथेच. राहिला प्रश्न संग्राहकांचा. नव्वदच्या दशकात उत्पादन अमेरिकेबाहेर गेलं, 2004 मध्ये कंपनी व्हीएफ कॉर्पोरेशनकडे गेली. जुन्या 'मेड इन यूएसए' शिक्क्याच्या जोडांना संग्राहक चढी किंमत देतात ती त्यामुळेच. तो छंद खुशाल जोपासावा. पण बूट चांगला की वाईट, याचा निकाल त्या शिक्क्यावरून लावू नये.