डीव्हीडी तुमची, कुलूप त्यांचं
अमेरिकेत विकत घेतलेली डीव्हीडी भारतातल्या कॉम्प्युटरवर चालत नाही, तेव्हा आपण तबकडी पुसतो, ड्रायव्हर शोधतो, प्लेअर पुन्हा टाकतो. बिघाड मात्र कशातच नसतो. अमेरिका रीजन १, भारत रीजन ५. प्रत्येक देशात वेगळ्या तारखेला, वेगळ्या किमतीला माल विकता यावा म्हणून चित्रपट कंपन्यांनी पाडलेले हे जगाचे तुकडे.

२००० पासूनच्या ड्राइव्हमध्ये हे कुलूप फर्मवेअरमध्येच असतं. रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो. शेवटचा निवडाल तो कायमचा. विंडोज पुन्हा टाकलं तरी ही मोजणी मागे येत नाही. म्हणून रीजन बदलण्याआधी व्हीएलसीवर चालवून बघा. बऱ्याच ड्राइव्हवर काम होतं.

याला चाचेगिरीवरचा उपाय म्हणणं शुद्ध थाप आहे. फुटपाथवरच्या पायरेटेड डीव्हीडीला सहसा रीजन नसतोच. कुलूप लागतं ते पैसे मोजणाऱ्याला!

तुमच्या मोबाइलवर झळकणारी ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ ही पाटी याच कुलपाची लेक. विकलेली वस्तू कुठे बघायची हेही विकणाराच ठरवणार असेल, तर ती विक्री नव्हे, भाडं आहे. मग पैसेही भाड्याचेच घ्या.