पहिला डाव फसला, मग?

परीक्षा संपल्या की गावोगावी मुलींसाठी स्वसंरक्षणाची शिबिरं सुरू होतात. सात दिवस, फार तर दहा दिवस. मनगट कसं सोडवायचं, मागून कुणी कवटाळलं तर कोपर कसं मारायचं, केस धरले तर काय करायचं... शेवटच्या दिवशी पाहुणे येतात, प्रात्यक्षिकं होतात, प्रमाणपत्र मिळतं. घरी आल्यावर मुलगी दादाला म्हणते, ‘धर माझा हात.’ दादा धरतो. ती शिकवल्याप्रमाणे मनगट सोडवते, आणि दादा हसत हसत दुसऱ्या हाताने तिला पकडतो. ‘असं नाही करायचं! सरांनी हे नव्हतं शिकवलं!’

मैत्रिणींनो, या लटक्या भांडणात खरी गोम आहे. समोरचा माणूस म्हणजे पुतळा नव्हे. आपण ओढलं की तो उलटा जोर लावणार, ढकललं की पाय रोवणार. म्हणून दहा सुटे डाव पाठ असण्यापेक्षा एकमेकांत गुंफलेले दोन डाव अंगात मुरलेले बरे.

आपल्या तालमीत हे पूर्वीपासून ठाऊक आहे. डावाला तोड असते आणि त्या तोडीलाही पुढचा डाव असतो. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युदो सुरू केला. त्यात एकापाठोपाठ डाव जोडण्याला ‘रेनराकु वाझा’ असं नावच आहे. समजा, समोरचीच्या पायाला आतून पाय लावून तिला मागे पाडायचा प्रयत्न केला. पडू नये म्हणून ती पुढे झुकते. नेमक्या त्याच क्षणी वळून तिला पाठीवर घ्यायचं आणि पुढे टाकायचं. म्हणजे दुसऱ्या डावाला लागणारा निम्मा जोर तीच पुरवते!

हाच ज्युदो मित्सुयो माएदा यांच्यासोबत १९१४ च्या सुमारास ब्राझीलला पोहोचला. तिथे ग्रेसी कुटुंबाने जमिनीवरच्या झटापटीवर भर देत तो वाढवला. तेच आजचं ब्राझिलियन जिऊ-जित्सू. आपण खाली आणि भारी माणूस अंगावर, ही प्रत्येक बाईच्या मनातली भीती. इथे सरावाची सुरुवातच तिथून होते. कमरेने जोरात उचलून वरच्याला एका बाजूला कलंडवायचं, हा पहिला डाव. कलंडू नये म्हणून तो हात जमिनीवर टेकतो, त्याचं वजन हलतं, आणि थोडी फट मिळते. लगेच कंबर बाजूला सरकवून त्या फटीत गुडघा घालायचा, पाय सोडवायचा. पहिला डाव फसला असं वाटतं, पण त्यानेच दुसऱ्याला वाट करून दिलेली असते.

साखळी टाका घालताना प्रत्येक टाका आधीच्या फासातूनच निघतो ना? तसंच हे. आणि टाका जसा पुस्तक वाचून येत नाही, तसे जोडडावही पाहून येत नाहीत. आधी नीट पडायला शिकायचं. मग जोडीदारीण मुळीच विरोध करत नसताना दोन डाव सावकाश जोडायचे. मग तिने थोडा जोर लावायचा, मग आणखी थोडा. विचार न करता शरीर आपोआप वळायला लागेपर्यंत हे चालू ठेवायचं. त्याला महिने लागतात. अंगात ताकद कमी आहे म्हणून घाबरू नका. केइको फुकुदा यांची उंची पाच फूटसुद्धा नव्हती. कानोंच्या या शिष्येला २०११ साली, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो महासंघाने दहावा दान हा सर्वोच्च दर्जा दिला.

आपल्या शहराचं या खेळाशी जुनं नातं आहे. पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ साली इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत रंगली आणि दिनकर दह्यारी जिंकले. महिलांच्या ‘महाराष्ट्र केसरी’साठी मात्र २०२३ साल उजाडावं लागलं. सांगलीच्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी पहिली मानकरी ठरली. आखाडा उघडायला बासष्ट वर्षं लागली. आता उघडलेलं दार आठवड्याच्या शिबिरापुरतं का ठेवायचं?

सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिन्यांचं असतं. आपल्या शाळेत ते होतं का, चौकशी करा. शहरात गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे. पण पैठण, कन्नड, वैजापूरच्या मुलीने रोज तिथे कसं यायचं? गावातच आठवड्यातून दोन दिवस शाळेचा हॉल, जाड मॅट आणि जाणकार प्रशिक्षक मिळावा, म्हणून पालकसभेत उठून बोला. शिबिराच्या सरांना एकच प्रश्न विचारा, ‘हा डाव फसला तर पुढे काय?’ उत्तर नसेल तर ते शिबिर अर्धवट आहे.

साखळीतली शेवटची कडीही मुलीला शिकवा. सुटका होताच पळायचं, ओरडायचं, ११२ लावायचा, घरी सगळं सांगायचं. कुणाला लोळवणं हे आपलं काम नाही. आणि एखाद दिवशी काहीच जमलं नाही, हातपाय गारठले, तरी दोष तिचा नाही, हल्ला करणाऱ्याचाच. हे तिला आजच, आपल्या तोंडून ऐकू द्या. ‘तू काय केलंस?’ असा प्रश्न घरात येणार नाही ही खात्री असली, तरच ती सांगायला घरी येईल.